डास वाढले की हवामानाला शिव्या, आणि उघड्या पिंपाचं काय?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

डेंग्यू-चिकनगुनियाचे पेशंट वाढायला लागले की पेपरात एक ठरलेली बातमी येते, हेडिंगसुद्धा जवळपास ठरलेलंच, "हवामान बदलामुळे डासांचा प्रादुर्भाव वाढला". खाली दोन ओळी तापमानवाढीवर, डासाचा एक मोठ्ठा फोटो, आणि शेवटी नागरिकांनी काळजी घ्यावी. बातमी खोटी नसते हो, पण अर्धी असते, आणि उरलेला अर्धा भाग छापला तर हवामानाच्या शेजारी आपण सगळेच पिंजऱ्यात उभे राहतो, म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांबणार आहे, कापायचं तर कापा, पण आफ्रिकेचा भाग प्लीज ठेवा.

आधी हवामानाचं जे खरंय ते सांगून टाकते. डासाला स्वतःच्या अंगाचं टेम्परेचर सांभाळता येत नाही, बाहेर जेवढं तेवढंच आत, त्यामुळे ऊब वाढली की त्याचं सगळंच फास्ट होतं, गरम दिवसांत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पण खरी भानगड मादीच्या पोटात चालते. डेंग्यूच्या पेशंटला चावलेली मादी लगेच पुढच्या माणसाला डेंग्यू देऊ शकत नाही, व्हायरस आधी तिच्या आतड्यात वाढतो, मग अंगभर पसरतो आणि शेवटी लाळेत उतरतो, तेव्हा कुठे ती धोकादायक होते. ह्या सगळ्याला 25 डिग्रीला सरासरी 15 दिवस लागतात आणि 30 डिग्रीला साधारण साडेसहा. आता मादी जगते किती, तर दोन-तीन आठवडे, आणि त्यातल्या कित्येक त्याच्या आधीच कुणाच्या तरी टाळीखाली जातात. म्हणजे 25 ला बऱ्याचशा माद्या व्हायरस तयार व्हायच्या आत मरून जातात, आणि 30 ला त्यांच्या हातात चावायला चांगले दिवस शिल्लक राहतात. पाच डिग्रीत एवढा फरक!

मलेरियाचं पण असंच आहे. फाल्सिपेरम जातीच्या परजीवीला डासात तयार व्हायला 25 डिग्रीला साधारण 12 दिवस लागतात, 20 ला जवळपास चार आठवडे, आणि 18 च्या आसपास तर तो इतका रेंगाळतो की डास आधी मरतो. डोंगराळ भाग मलेरियापासून सुरक्षित का असायचा त्याचं कारण हेच, आणि ऊब डोंगर चढायला लागली की काळजी वाटते तीही ह्याचसाठी. हवाई बेटांवर तर ह्याचं फार वाईट उदाहरण आहे, तिथे 1826 च्या आधी डासच नव्हते, जहाजातून क्युलेक्स डास आले, पुढे पक्ष्यांचा मलेरिया आला, आणि फक्त त्या बेटांवर सापडणारे हनीक्रीपर नावाचे सुंदर पक्षी खालच्या जंगलातून जवळपास संपले, जे उरले ते उंच थंड डोंगरावर, आणि आता तो थंड पट्टाच वर वर सरकतोय. वर सरकून सरकून शेवटी शिखर संपतं. (हे माणसांच्या रोगाबद्दल नाही हे कळतंय मला, पण राहवलं नाही.)

पण मग "जितकी उष्णता जास्त तितके डास जास्त" हे जे सरसकट लिहिलं जातं ते बरोबर नाही. डेंग्यूचा प्रसार सगळ्यात जोरात होतो तो 29 डिग्रीच्या आसपास, मलेरियाचा तर 25 च्या आसपासच, आणि 34 च्या पुढे डेंग्यूचं गणितसुद्धा ढासळायला लागतं कारण डासच टिकत नाहीत. म्हणजे तापमानवाढीचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे. जिथे थंड होतं तिथे दार उघडतंय, जिथे आधीच भट्टी आहे तिथे उन्हाळ्याचे काही आठवडे उलट डासांनाच जड जातील आणि सीझन मागेपुढे सरकेल. नुसतं "वाढणार" म्हणून मोकळं होता येत नाही.

आता पाऊस. पाऊस पडला की डास, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कोरड्या दिवसांत कुणी टाकीकडे बघत पण नाही. खरं तर धो धो पावसात छोट्या छोट्या भांड्यांमधल्या अळ्या वाहूनच जातात. आणि दुष्काळात काय होतं? नळाला पाणी कमी येतं, मग माणूस साठवतो. पिंपं, टाक्या, बादल्या, हौद, जे मिळेल त्यात. डेंग्यूचा जो मुख्य डास, एडीस इजिप्ती, त्याला हेच हवं असतं, घराजवळचं स्वच्छ साठलेलं पाणी, त्याला गटार वगैरे फारसं नको असतं, गटाराचा शौक क्युलेक्सला. ब्राझीलमधल्या अभ्यासात असंच दिसलं की अतिवृष्टीनंतर डेंग्यूचा धोका वाढतो, आणि कडक दुष्काळानंतर पण वाढतो, फक्त दुष्काळाचा परिणाम काही महिने उशिरा दिसतो. त्या मधल्या काळात आपण निवांत असतो.

साठवलेल्या पाण्याचं एक पिंप जवळून बघितलंय का कधी? पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेवर, काळे बारीक ठिपके चिकटलेले असतात, काजळीचे कण वाटावेत असे, ती एडीसची अंडी. मादी एकाच जागी सगळी अंडी घालत नाही, थोडी ह्या भांड्यात थोडी त्या भांड्यात अशी वाटत फिरते. आपण काय करतो तर पाणी ओतून देतो आणि पिंप पालथं घालतो, झालं समाधान. ठिपके तिथेच राहतात, वाळतात, आणि वाळलेल्या अवस्थेत महिनोन् महिने जिवंत राहतात, पुन्हा पाणी भरलं आणि रेषा त्यांच्यापर्यंत चढली की अळ्या बाहेर. म्हणून नुसतं ओतून उपयोग नाही, कडा ब्रशने खसखसून घासाव्या लागतात आणि दर आठवड्याला घासाव्या लागतात. अळ्या पण बघण्यासारख्या असतात, डोकं खाली, शेपटाकडची श्वासाची नळी वर पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवलेली, अशा उलट्या लटकतात आणि आपली सावली पडली की वळवळत तळाला. मलेरियाच्या ॲनाफिलीसच्या अळ्या मात्र पृष्ठभागाला समांतर आडव्या पडून राहतात. एवढं लक्षात ठेवलं तरी आपल्या टाकीत कोण पाळलंय ते कळतं.

आता आफ्रिका. हा एडीस इजिप्ती मुळात आफ्रिकेतल्या जंगलातला, झाडाच्या ढोलीत साठलेल्या पावसाच्या पाण्यात वाढणारा आणि मिळेल त्या प्राण्याला चावणारा साधा डास होता, आणि तिथल्या जंगलात अजूनही त्याचे तसले भाऊबंद आहेत ज्यांना माणसात विशेष इंटरेस्ट नाही. मग त्यातले काही माणसाच्याच मागे का लागले? 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतून 27 ठिकाणांहून ह्या डासाची अंडी गोळा केली, लॅबमध्ये त्यांचे डास वाढवले, आणि त्यांच्यापुढे एका बाजूला माणसाचा वास, दुसऱ्या बाजूला प्राण्याचा वास, अशी निवड ठेवली. कुठले डास माणसाकडे धावले? सगळ्यात जास्त ते, ज्यांच्या गावी कोरडा ऋतू लांब आणि कडक असतो, म्हणजे साहेल, सहाराच्या दक्षिण कडेचा कोरडा पट्टा, तसला भाग. आणि दुसरे, जे फार दाट वस्तीच्या शहरांतले.

कारण विचार केला की लगेच पटतं. जिथे महिनोन् महिने पाऊस नाही तिथे ढोल्या कोरड्या, मग वर्षभर पाणी कुठे असणार, तर माणसाच्या भांड्यात. ज्या माद्या माणसाच्या जवळ राहिल्या त्यांची पिल्लावळ टिकली, आणि माणसाजवळ राहायचंच आहे तर रक्त पण माणसाचंच, पिढ्यान् पिढ्या हे होत होत त्यांच्या वासाच्या आवडीतच माणूस बसला. जनुकांवरून काढलेला अंदाज असा की ही माणसाची चटक साधारण 5000 वर्षांपूर्वी लागली, साधारण तेव्हाच जेव्हा एकेकाळी हिरवा असलेला सहारा वाळत चालला होता. म्हणजे हवामान कोरडं झालं हे खरं, पण त्या कोरड्या हवामानात पाणी भरून ठेवणारा माणूस नसता तर हा डास झालाच नसता. दोन्ही लागतं. माझं सगळं म्हणणं इथेच आहे की हवामान आणि माणसांची वस्ती ह्या दोन गोष्टी वेगळ्या काढून बातमी लिहिताच येत नाही.

ह्याच संशोधनात पुढच्या काळाचाही अंदाज होता, आणि तो माझ्या मते पहिल्या पानावर यायला हवा होता. 2050 पर्यंतचा हिशोब केला तर ह्या डासाची माणसाबद्दलची आवड बदलण्यात हवामान बदलाचा वाटा फारसा दिसत नाही, शहरं दाट होण्याचा दिसतो. आफ्रिकेतली शहरं ज्या वेगाने फुगतायत त्या वेगाने तिथले डास जास्त जास्त "माणूसवाले" होत जाणार. डास किती आणि कुठे असतील तो प्रश्न वेगळा, त्यात उष्णतेचा हात मोठाच आहे, पण असलेल्या डासांनी कुणाला चावायचं हे ठरवायला गर्दी पुढे आहे.

बरं, डासाचे पंख फार लांबचे नाहीत. एडीस इजिप्ती आयुष्यभरात फार तर चारशे मीटरच्या आसपास फिरतो, बऱ्याचदा त्याहून कमी. मग जगभर गेला कसा? आपण नेला. गुलामांच्या व्यापारातल्या जहाजांवर पिण्याच्या पाण्याची पिंपं भरलेली असायची, त्यातून तो अमेरिका खंडात उतरला आणि सोबत यलो फीव्हर गेला. त्याचा चुलतभाऊ एडीस अल्बोपिक्टस, तो काळा-पांढरा पट्टेवाला टायगर डास, आग्नेय आशियातला, तो गेला जुन्या टायरमधून. टायर कसाही ठेवा, आत थोडं पाणी राहतंच, आणि अंडी कोरडी असली तरी प्रवास झेपतो, त्यामुळे वापरलेल्या टायरांचा व्यापार म्हणजे डासांची मोफत कुरिअर सर्व्हिस झाली. 1979 मध्ये तो अल्बानियात सापडला, 1985 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला, 1990 मध्ये इटलीत जेनोआला. थंड प्रदेशातल्या ह्याच्या अंड्यांना हिवाळाभर झोपून राहता येतं, म्हणून थंडीचा पण फार धाक नाही. आता हिवाळे सौम्य झाले म्हणून तो युरोपात उत्तरेकडे सरकतोय हे बरोबर, पण आधी दारापर्यंत आणून सोडला कोणी?

आणि डास पोचला की रोग तिकीट काढूनच येतो, विमानात बसलेल्या माणसाच्या रक्तातून. 2005-06 ला हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर चिकनगुनियाची साथ आली, लोकसंख्येच्या जवळपास एक तृतीयांश लोकांना झाला, आणि त्या साथीत व्हायरसमध्ये एक छोटासा बदल झाला ज्यामुळे तो टायगर डासात जास्त चांगला वाढायला लागला. 2007 मध्ये केरळहून परतलेल्या एका प्रवाशापासून इटलीतल्या एका छोट्या गावात चिकनगुनिया सुरू झाला, दोनशेच्या आसपास लोक आजारी. कडक उन्हाळा होता, टायगर डास होता, आणि प्रवासी होता, ह्या तिघांतला एक जरी नसता तरी काही झालं नसतं.

मलेरियाचं अजून ताजं उदाहरण आहे. आफ्रिकेत मलेरिया हा मुख्यतः खेड्यांचा रोग समजला जायचा, कारण तिथल्या मुख्य ॲनाफिलीस डासांना शहरातलं घाण पाणी चालत नाही. पण आपल्या भागातला, म्हणजे दक्षिण आशियातला ॲनाफिलीस स्टेफेन्सी हा पक्का शहरी, गच्चीवरच्या टाक्या, विहिरी, बांधकामाच्या जागचं साठलेलं पाणी, ह्यावर पोसलेला. 2012 मध्ये तो जिबूतीत सापडला, बंदराचा देश. त्या वर्षी तिथे मलेरियाच्या केसेस होत्या 27, आणि 2020 मध्ये 73 हजारांहून जास्त. सगळं खापर एकट्या त्या डासावर फोडता येणार नाही, पण मोठा हात त्याचा मानला जातो. 2016 मध्ये तो इथिओपियात सापडला आणि त्यानंतर सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया, घाना. त्याला कोरडा ऋतू चालतो कारण टाकी कोरडी नसते. हवामान तेच होतं हो तिथलं, आधी पण उष्णच होतं.

उलटी उदाहरणं तर मला जास्त आवडतात. ऑस्ट्रेलियात एडीस इजिप्ती एकेकाळी ब्रिस्बेनमध्ये होता, त्याच्याही दक्षिणेला न्यू साउथ वेल्समध्ये होता, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथून गेला, आज तो क्वीन्सलंडच्या उत्तरेकडच्या आणि मधल्या भागापुरताच उरलाय. त्या काळात ऑस्ट्रेलिया थंड झालं का? नाही. घरोघरी नळाचं पाणी आलं आणि अंगणातल्या पावसाच्या पाण्याच्या टाक्या गेल्या, हे त्यातलं एक मोठं कारण मानतात. आणि गंमत बघा, 2000 नंतरच्या लांब दुष्काळात पाणी वाचवा म्हणून लोकांनी परत टाक्या बसवल्या, आणि तज्ज्ञांना काळजी लागली की ह्या टाक्यांबरोबर तो डास पण परत येतो की काय. चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टीला सुद्धा जाळी आणि झाकण लागतं.

अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवर नदीच्या अलीकडे-पलीकडे दोन शहरं आहेत, लारेडो आणि नुएव्हो लारेडो. हवा एकच, पाऊस एकच. 1999 च्या डेंग्यूच्या साथीनंतर तपासलं तर अमेरिकेच्या बाजूला, लारेडोत, डास जास्त होते, आणि डेंग्यू झालेले लोक मेक्सिकोच्या बाजूला जास्त होते. फरक होता तो घरांचा, बंद खिडक्या, एसी, आतबाहेर राहण्याची पद्धत. डास असणं आणि डासाने चावणं ह्यात घराच्या भिंती येतात, आणि त्या भिंती कोणाला परवडतात हा प्रश्न पण येतो. युरोपातून मलेरिया गेला तोही थंडी वाढली म्हणून गेला नाही, दलदली बुजल्या, घरं सुधारली, औषधं मिळाली, फवारण्या झाल्या, इटली 1970 मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाली. ब्राझीलने तर 1958 मध्ये एडीस इजिप्तीच देशातून संपल्याचं सर्टिफिकेट मिळवलं होतं, घरोघर जाऊन भांडी तपासून आणि डीडीटी हे कीटकनाशक मारून. मग मोहीम ढिली पडली, शहरं वाढली आणि 1970 च्या दशकात डास परत. आज डेंग्यूच्या आकड्यांत ब्राझील सगळ्यात वर असतो, 2024 मध्ये जगभरात डेंग्यूच्या 1 कोटी 40 लाखांहून जास्त केसेस नोंदल्या गेल्या त्यात मोठा वाटा तिथलाच.

गर्दीबद्दल अजून एक राहिलं. एडीसची मादी एका जेवणात एकाच माणसावर थांबत नाही, हात झटकला की उठून शेजारच्याला चावते, त्यामुळे एका खोलीत चार माणसं असतील तर एकच मादी चौघांना पुरते. विरळ वस्तीत व्हायरसला पुढचं माणूस मिळेपर्यंत साथ विझून जाते, दाट वस्तीत विझायला जागाच नाही, शिवाय डेंग्यूचे चार प्रकार, एक होऊन गेला तरी बाकीचे तीन बाकीच. आणि ज्यांना लक्षणंच नसतात असे खूप जण व्हायरस अंगात घेऊन कामावर, शाळेत, प्रवासात फिरत असतात. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये जग 800 कोटींवर गेलं, त्यातले निम्म्याहून जास्त शहरात. म्हणून लोकसंख्या हा शब्द मी वापरतेय तो "पोरं कमी काढा" ह्या अर्थाने नाही, माणसं कशी राहतात, पाणी त्यांच्यापर्यंत कसं येतं, ह्या अर्थाने. ज्या वस्तीत नळाला रोज पाणी येत नाही तिथल्या बाईला "पाणी साठवू नका" असा सल्ला देणं म्हणजे निव्वळ थट्टा आहे.

धुराची फवारणी हा तर वेगळाच विषय, गाडी आवाज करत जाते, पांढरा धूर होतो, फोटो छान येतो, काहीतरी केल्यासारखं वाटतं. तो धूर त्या क्षणी उडत असलेल्या डासांना लागतो, इजिप्ती घरात पलंगाखाली, पडद्यामागे, कपड्यांच्या मागे बसलेला असतो आणि अंड्यांना तर त्याचं काहीच नाही. साथ चालू असताना त्याचा थोडा उपयोग असेल, पण वर्षभराचं काम ते नव्हे. त्यापेक्षा इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात वोल्बाकिया नावाचा जिवाणू असलेले डास सोडून बघितले, तो जिवाणू असला की डासात डेंग्यूचा व्हायरस नीट वाढत नाही, तिथे डेंग्यूच्या केसेस 77 टक्क्यांनी कमी दिसल्या, ह्यावर का नाही मोठा लेख येत?

तर संपादक साहेब, मागणी साधी आहे. तापमानवाढीच्या बातम्या छापा, जरूर छापा, पण डासांची बातमी फक्त पावसाळ्यात आणि फक्त हवामानाच्या नावाने छापू नका. पाणीकपातीची बातमी येते, "उद्यापासून एक दिवसाआड पाणी", त्याच बातमीत खाली एक चौकट द्या, की आता लोक साठवणार आहेत तर झाकण घट्ट हवं, नसेल तर बारीक जाळी किंवा जुनं कापड ताणून बांधा, आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून पाण्याच्या रेषेवरची कडा घासा, रिकामी न होणारी मोठी टाकी असेल तर गप्पी मासे सोडा, बाहेर पडलेले टायर झाकलेल्या जागी हलवा. आणि पाणी कपात करणाऱ्यांना तुमच्या वार्ताहराने एक प्रश्न विचारावा, झाकणाची पिंपं ज्यांना परवडत नाहीत त्यांच्यासाठी काय सोय केलीय. चौकट छोटी असली तरी चालेल, पण पाण्याच्या बातमीला चिकटूनच हवी, आरोग्याच्या पानावर नको, ते पान लोक ताप आल्यावर उघडतात.

आपली,
एक नियमित वाचक